बुर्गाआत्याने पाडलेली वाट

"या खोऱ्यात डोंगर कधी कोसळणार, हे देवानंतर फक्त मला कळतं!" असं गरजून वालबुर्गाने टेबलावर मूठ आपटली. मूठ सूपमधल्या डंपलिंगवर पडली आणि समितीच्या अध्यक्षांना भर थंडीत अभ्यंगस्नान घडलं.

टायरॉलच्या डोंगरातल्या या गावाची हिमप्रपात समिती खानावळीत भरायची, कारण अध्यक्ष वेंडेलिन हेच खानावळीचे मालक.

"उत्तरेचा उतार बंद करा," वालबुर्गा म्हणाली. "आज छातीभर खड्डा खणलाय मी. वर वाऱ्याने थापलेला घट्ट बर्फ, खाली साखरेसारखे सुटे दाणे. गोट्यांवर फळी ठेवलीय नुसती!"

"बुर्गा, खोल्या भरल्यात गं," वेंडेलिन मिशी पुसत म्हणाले.

समितीचा तिसरा सदस्य म्हणजे तिचा भाचा सेवेरिन, डोंगरातला वाटाड्या. उद्या सहा पाहुण्यांना तो त्याच उतारावर नेणार होता. "आत्या, काल चौदा जण स्कीवरून उतरले तिथून. खुणा आहेत."

"खुणा तुझ्या बापालाही दिसल्या होत्या. मे महिन्यात बर्फ वितळल्यावर सापडला तो!"

मतदान झालं. दोन विरुद्ध एक.

रात्री वीतभर बर्फ पडून जुन्या खुणा बुजल्या. उजाडताच वालबुर्गाने स्की चढवल्या आणि दातओठ खात पहिली वाट पाडायला घेतली. या खोऱ्यात पहिली वाट पाडणं पुण्याचं काम. मागून येणारे मान खाली घालून त्याच दोन रेघांवरून चढतात, वाटाडेसुद्धा. ओढ्यापाशी तिने उत्तरेचा उतार सोडला आणि रेघा झाडीतून पलीकडच्या धारेवर नेल्या. इतकी सुबक वाट तिने जन्मात पाडली नव्हती.

तीन तासांनी सेवेरिन पाहुण्यांसह धारेवर पोचला आणि त्याने प्रथमच मान वर केली. समोर वालबुर्गा उभी.

"हे... हे कुठलं?"

"डुकरांचं कुरण."

"आत्या! पाहुण्यांसमोर माझं माकड केलंस?"

"मला काही करावं लागलं नाही रे. तयारच होतं!"

"पंधरा वर्षं वाटाड्या आहे मी!"

"आणि पंधरा वर्षं स्वतःच्या बुटांकडे बघत चालतोयस, मेल्या!"

ओरडण्याने हिमप्रपात होत नाही, असं शास्त्र सांगतं. होत असता, तर त्या सकाळी अर्धं टायरॉल खाली आलं असतं.

तेवढ्यात समोरच्या उत्तर उतारावरून एक रानबोकड आडवा निघाला. धप्प, असा दबका आवाज झाला. बोकड टुणकन खडकावर चढला. त्याच्या वर बर्फात एक भेग उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली, आणि अख्खा उतार ओढ्यात जाऊन बसला.

सेवेरिन मटकन खाली बसला. वालबुर्गाचा राग मात्र तसूभर उतरला नव्हता. भाऊ गेल्यापासून वीस वर्षं साठवलेलं सगळं आज बोलायचंच, म्हणून तिने कमरेवर हात ठेवून श्वास घेतला.

मागून पाहुण्यांपैकी एका, ब्रेमेनहून आलेल्या दातांच्या डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर टकटक केलं.

"बाई, जरा डावीकडे सरकता का? फोटोत येताय."