रिकाम्या गाडीचं वजन

सोपानची पिकअप उंच झाली तेव्हा तिच्यापेक्षा सोपानच जास्त उंच झाला.

बैलगाडा शर्यतीच्या मैदानावर त्याने कुणाची तरी अशी उचललेली गाडी पाहिली आणि ते खूळ त्याच्या डोक्यात जाऊन बसलं. खाली स्प्रिंगचे जादा पाटे टाकून त्याने गाडी वर घेतली, मोठे रुंद टायर चढवले, पुढे दांडगा लोखंडी गार्ड लावला, टपावर दिव्यांचा सांगाडा आणि मागच्या हौद्यात जाड पत्रा ठोकला. कान्ह्याजवळच्या त्याच्या गावात गाडी शिरली की लोक माना वळवून बघत. बायको सारिका मात्र पहिल्याच दिवशी म्हणाली, "यात चढायला शिडी बी आणली का तुमी?" सोपानला हसू आलं नाही.

गाडी सोपानची, पण चालवायचा गोरख. दोघे शाळेत एका बाकावर बसलेले. गोरखने सकाळी पाण्याचे जार भरायचे, लोणावळ्यातल्या बंगल्यांवर पोचवायचे आणि रिकामे जार घेऊन परतायचं. इतकी वर्षं कधी तक्रार नव्हती. गाडी उंच झाली आणि डिझेलचा काटा मात्र धडाधड खाली यायला लागला. आधी एका टाकीत आठवडा निघायचा, आता मधेच पंप गाठावा लागे.

"गाडी जड झालीया, सोपान," गोरख एकदा म्हणाला. "कार्ल्याच्या पुढं दम लागतो तिला."

हे सोपानला झोंबलं. एवढी हौसेने सजवलेली गाडी आणि तिला दम लागतो म्हणे! गाडीत खोट आहे असं मानण्यापेक्षा माणसात आहे असं मानणं त्याला सोपं गेलं. त्यात देवळात बसणारा दत्तोबा म्हणाला, "डायवर लोक पाईप टाकून डिझेल काडत्यात. तू लय भोळा हायेस." भोळा म्हटलेलं कुणाला आवडतं?

रविवारी संध्याकाळी खंडोबाची आरती झाली आणि गोरख गाडीची किल्ली द्यायला देवळाच्या पायरीशी आला. सोपानने सगळ्यांदेखत त्याला विचारलं, "डिझेल कुटं जातंय, गोरख?"

गोरख गोंधळला. "गाडीत जातंय. आजून कुटं जाणार?"

"मग उचल बेलभंडारा," दत्तोबा आतून म्हणाला. आमच्या मावळात हे जुनंच आहे. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन शपथ घेतली की माणूस सुटला. उचलला नाही की अडकला.

ताट आणायला सोपान स्वतः आत गेला. पिवळ्याजर्द भंडाऱ्याचं ताट त्याने गोरखपुढे धरलं.

"आमच्यात देवाची आण घेत न्हाईत, तुला ठावं हाय," गोरख हळू आवाजात म्हणाला. "मी चोरी केली न्हाई. एवढ्या डिझेलसाठी देवाला कशाला मधी घेतो?"

पण तोवर मागे कुजबूज सुरू झाली होती. उचलंना, म्हंजी समजा काय ते. गोरखने किल्ली पायरीवर ठेवली आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशीपासून सोपान स्वतः गाडी चालवू लागला.

त्याने पहिलं काम केलं ते टाकीच्या झाकणाला कुलूप लावायचं. काटा तरीही तसाच खाली. सोपानने लोणावळ्याच्या गर्दीला शिव्या दिल्या, मग पंपवाल्याला. कार्ल्याच्या पुढे गाडी वाऱ्याला छातीने ढकलत चालल्यासारखी वाटे आणि पायाखालचं पेडल नकळत खोल जाई. मीटरही विचित्र वागत होता. रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड मोजले तर मीटर मागे राहायचा. टायर मोठे, म्हणून चाक कमी फिरे आणि मीटरला वाट आखूड वाटे. हे कळलं तेव्हा खोट गाडीतच असेल, अशी शंका सोपानला पहिल्यांदा आली.

मग तो भाताची पोती घेऊन कामशेतच्या गिरणीत गेला. पोती उतरल्यावर वजनकाट्यावर रिकामी गाडी चढवली. काटेवाला कैलास खिडकीतून डोकावून म्हणाला, "शेठ, मागं बैल उतरवायचा ऱ्हायलाय का?"

सोपानने मागे वळून पाहिलं. हौदा रिकामा होता. आधी ह्याच काट्यावर रिकामी गाडी किती भरायची हे त्याला पाठ होतं, आणि आता त्यावर जवळजवळ एका बैलाएवढं वजन जास्त होतं. गार्ड, सांगाडा, पत्रा, पाटे, टायर. रोज लोणावळ्याला जाताना आणि येताना गोरख त्याची हौसच वाहून नेत होता आणि त्या हौसेच्या पोटात गेलेलं डिझेल सोपानने गोरखच्याच माथी मारलं होतं. सोपानला त्या काट्यावरच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण खरी लाज याहून खोल होती. गोरख भंडारा उचलणार नाही, हे त्याला ताट धरतानाच माहीत होतं. लहानपणापासून तो गोरखच्या घरी जेवलेला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, घरात कुणी देवाची आण घेत नाही, हे त्याने शंभरदा पाहिलं होतं. उचलणार नाही म्हणूनच त्याने ताट पुढे केलं होतं.

तो तडक गोरखच्या घरी गेला. गोरख घरात नव्हता. चोर म्हणून नाव झाल्यावर त्याला कुणी गाडी देईना, तेव्हा तो मजुरीला फाट्यावर उभा राहू लागला होता. त्याची आई सरूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"मावशी, माझं चुकलं," सोपान म्हणाला. "डिझेल गाडीच खात हुती. गोरखला म्हणावं, कामावर ये."

सरूबाईने मान वर केली नाही. "बोललास चारचौघांत. आन् माफी मागाया मातर माज्या ओट्यावर आलास व्हय?"

सोपान खाली मान घालून परतला. मनात आलं, गुपचूप पाटे काढून टाकावेत, गाडी खाली घ्यावी, लोक विसरतील. लोक विसरले असते. ओट्यावरची म्हातारी विसरली नसती, आणि तोही नाही.

रविवारी आरती संपल्यावर तो पायरीवर उभा राहिला. "गोरखनं चोरी केली न्हाई," तो म्हणाला. "मी गाडी उंच केली, जड केली. तिनंच डिझेल खाल्लं."

लोक एकमेकांकडे बघून हसले. दत्तोबाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "लय मोट्या मनाचा हायेस, सोपान. दोस्ताला झाकतोस."

मग चहूकडून तेच. वा, सोपान. मन मोठं लागतं. गोरखची चोरी तशीच राहिली आणि वर सोपानचं कौतुक सुरू झालं. त्याला त्या कौतुकाची शिसारी आली.

तो आत गेला, ताट घेऊन आला, बेलाचं पान उचललं आणि मूठभर भंडारा हातात घेतला. "खंडोबाची आण, गोरख निर्दोष हाय. खोटा आळ मी घेतला."

हसणं थांबलं. दत्तोबाने घाईघाईने त्याचा हात धरला.

"आरं, काय करतोस हे? एवढ्या डिझेलसाठी देवाला कशाला मधी घेतो?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच की, एवढ्यासाठी कशाला. गोरखने ह्याच पायरीशी हेच म्हटलं होतं आणि तेव्हा ते एकालाही पटलं नव्हतं. आणि तेव्हा त्याच्या सगळ्यात जवळ, ताट धरून, सोपानच उभा होता.