ड्यूटीवरच्या सुनेचा भात

शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या. गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या एका घरात उजाडता उजाडताच भाताला आधण चढलं होतं. ओमेश्वरी एका हाताने डाळीला फोडणी देत होती आणि दुसऱ्या हाताने ड्यूटीच्या पांढऱ्या कोटाची बटणं लावत होती. गोंदियातल्या एका खाजगी दवाखान्यात ती सिस्टर होती आणि आज सकाळची पाळी होती. भात झाला, लाखोळीची डाळ झाली, वांग्याची भाजी झाली. सगळं नीट झाकून ठेवलं, झोपलेल्या लेकीच्या, भूमिकाच्या अंगावरची चादर सारखी केली आणि ती उपाशीच स्कुटी काढून निघाली.

तुम्ही म्हणाल, एवढं रांधलं तर दोन घास खाऊन निघायला काय झालं होतं? हात का बांधले होते कोणी? बांधले होते हो. फक्त दिसत नव्हते.

त्या घरचा नियम असा, की भांड्यातलं अन्न आधी देवाला, मग सासरे जीवनलाल यांना, मग नवरा टिकेशला. ते जेवून उठले की मग बायका. त्याआधी भांड्यात पळी घातली तर सगळं अन्न उष्टं झालं, असं सासूबाई शांतीबाई मानत. जीवनलालची आंघोळ, पूजा, निवद हे सगळं आटोपायला ऊन चांगलं वर येई. तोवर सकाळच्या पाळीची सिस्टर दोन वॉर्ड फिरून झालेली असे. डबा न्यावा, तर तोही त्याच भांड्यातून भरायचा. म्हणजे तोही बंद.

दुपारची पाळी असली की टिकेश मोटारपंपाच्या दुकानातून जेवायला येण्याआधीच तिला निघावं लागे. ती परत येई तेव्हा घरादाराची जेवणं होऊन भांडी पालथी पडलेली असत. शांतीबाई रात्रीच्या भाताला तांदूळ घ्यायच्या ते घरात असलेली डोकी मोजून. ड्यूटीवरचं माणूस पंगतीत नसतं, म्हणून त्याचा तांदूळही पडत नसे. "तू तं तिकडंच खाऊन येत असशीन," असं त्या म्हणत, आणि खरंच तसं समजत. रातपाळीहून सकाळी आली की पुन्हा चूल तिची आणि वाट पाहणंही तिचंच. पाळ्या तीन, आणि तिन्हींत बाई उपाशी. दर आठवड्याला पाळी बदले, कधी एका फोनवर बदले. घराच्या जेवणाची वेळ मात्र हलत नसे.

बरं, घरात कमी होतं म्हणावं तर तसंही नाही. दवनीवाड्याला घरची शेती होती आणि वर्षभराचा तांदूळ कोठीत भरलेला असे. भाजी, गॅस, वीज, भूमिकाची फी हा रोख खर्च ओमेश्वरीच्या पगारातून चाले. पगार झाला की तो सासूच्या हातात जाई आणि तिच्या हातात पेट्रोलपुरतं येई. टिकेशचं दुकान मंदावलं तेव्हा याच घराने तिला म्हटलं होतं, "नर्सिंग शिकली आहेस तं कामी लाव." घरच्या सुनेनं रात्री-बेरात्री बाहेर राहू नये, हा नियम तेव्हा गुपचूप मोडला. पगारासाठी नियम मोडता येतो, घासासाठी मोडता येत नाही. वा रे घर!

शांतीबाई दुष्ट होत्या असं मी म्हणणार नाही. दुष्ट असत्या तर सोपं झालं असतं. त्या स्वतः लग्न होऊन आल्यापासून सगळ्यांच्या शेवटी जेवत आल्या होत्या आणि कित्येकदा खरवडीवर भागवत आल्या होत्या. त्याचा त्यांना अभिमान होता. आल्यागेल्याला त्या सांगत, "आमच्या घरची बाई कधी मानसाच्या आधी ताटावर नाही बसली." ऐकणाऱ्या बायका माना डोलवत.

मागच्या वर्षी ओमेश्वरीला दिवस गेले होते. पाचवा महिना लागला आणि ड्यूटीवर असतानाच पोट पडलं. डॉक्टरीणबाईंनी अंगात रक्त नसल्याचं सांगितलं आणि विचारलं, "जेवत नाहीस का गं?" ती काय सांगणार? डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातलीच सिस्टर, शेतकऱ्याच्या भरल्या घरची सून. "जेवते ना, मॅडम," म्हणाली. घरी सगळ्यांनी हळहळून सांगितलं, की दगदगीनं झालं, स्कुटीनं झालं, नजर लागली. जेवणाचं नाव कोणीच काढलं नाही. तिनेही काढलं नाही, आणि त्या दिवसापासून ती स्वतःला माफ करू शकली नव्हती.

तर त्या सकाळी वॉर्डात गर्दी होती. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या एका म्हातारीसाठी तिच्या मुलाने खिचडीचा डबा आणला होता. म्हातारीने तोंड फिरवलं. मुलगा डबा ओमेश्वरीच्या हातात देत म्हणाला, "सिस्टर, फेकून द्या जी हे. बुढीनं तोंड नाही लावलं." ओमेश्वरी डबा घेऊन निघाली ती कचऱ्याच्या बादलीशी थांबली नाही. चादरी ठेवायच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि उभ्या उभ्या खिचडी खाऊ लागली. चव घ्यायलाही वेळ नव्हता. दार उघडलं. दारात चेतना होती, तिच्याच पाळीची दुसरी सिस्टर.

"रोज 'घरून खाऊन आली' म्हणतेस," चेतना हळूच म्हणाली. "झूठ बोलून राहिली ना तू? माझ्या डब्यातलं काऊन नाही खात मग?"

ओमेश्वरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कोनाले सांगू नोको," एवढंच तिच्या तोंडून निघालं. पोटच्या भुकेपेक्षा घराची अब्रू जड झाली होती, अन् ती तिने एकटीनेच वाहायची होती.

पाळी संपली तेव्हा पुढची सिस्टर आलीच नाही आणि हिला थांबावं लागलं. घरी पोचेपर्यंत ऊन कलतीला लागलं होतं. अंगणात टिकेशची मोटरसायकल नव्हती. तेव्हा तिला आठवलं, की बापलेक सकाळी दवनीवाड्याला जीवनलालच्या पुतण्याच्या सोयरिकीसाठी जाणार होते. "दुपारी जेवाले येतोच," असं सांगून.

ती आत गेली. स्वयंपाकघरात सगळी भांडी सकाळी तिने झाकली तशीच झाकलेली होती. शांतीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी थंड फरशीवर नऊ वर्षांची भूमिका आडवी पडली होती. ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले.

"भूमिका, काय झालं? जेवली नाहीस?"

"बाबा कुठं जेवले अजून?" पोरगी म्हणाली. "आधी जेवलं तं पाप लागते."

"सकाळपासून काहीच नाही खाल्लं?"

"पानी पेली ना." मग तिच्या तोंडावर थोडं तेज आलं. "मले भूक आवरता येते मम्मी. मी रडलीच नाही. आजीनं शाबास म्हटलं."

ओमेश्वरीने तिला उचलून बसवलं, तेव्हा फ्रॉकखाली काहीतरी कडक हाताला लागलं. तिने फ्रॉक वर केला. पोरीच्या पोटावर ओढणी गच्च आवळून गाठ मारली होती. कातडीवर वळ उठले होते.

"हे कोनी शिकवलं तुले?"

"तूच तं. ड्यूटीले जाताना तू बांधतेस ना कोटाच्या आतून. मी पाहिलं आहे. अशी बांधली ना, की भूक कमी लागते."

देवा रे! ओमेश्वरीला वाटलं होतं की आपण सोसतो ते आपल्यापुरतं आहे, कोणाला दिसत नाही, घरात भांडण नको. पण पोरं आपलं बोलणं ऐकत नाहीत, आपल्याकडे पाहतात. पोटातलं एक गेलं होतं. हे दुसरं तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याकडूनच उपाशी राहायला शिकत होतं आणि त्याबद्दल शाबासकी मिळवत होतं. ती गाठ तिला काही केल्या सुटेना, शेवटी तिने दातांनी सोडवली.

मग ती उठली, हात धुतले आणि भाताच्या भांड्यावरचं झाकण काढलं.

"बहू, काय करून राहिली?" शांतीबाई दचकल्या. "देवाले निवद नाही दाखवला अजून. मानसं जेवली नाहीत."

"देवाले मी सांगीन काय सांगायचं ते."

"सारं उष्टं होईन वो. ते आता येतीनच. थोडं थांबलं तं काय जीव जाते?"

"गेला आई, एक जीव गेला. तुम्हाले माहीत आहे."

ओमेश्वरीने ताटात भात घेतला, डाळ ओतली, ताट पोरीसमोर ठेवलं. भूमिकाने हात मागे घेतले. "नको मम्मी. बाबा रागावतीन." भुकेने कासावीस झालेलं लेकरू, समोर भात, आणि हात पाठीमागे! वाचकहो, हे पाहण्यापेक्षा बाईनं मरून जावं.

ओमेश्वरी पोरीसमोर मांडी घालून बसली. त्या घरात सून म्हणून आल्यापासून तिने कधीच केलं नव्हतं ते केलं. नवरा, सासरा कोणी जेवलेलं नसताना तिने त्या ताटातला घास उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला. चावला, गिळला. "पाहा," ती म्हणाली, "काही झालं का मले?" भूमिका तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिली. मग तिने एक शीत उचललं, मग एक घास, आणि मग ती दोन्ही हातांनी खाऊ लागली.

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल वाजली. जीवनलाल स्वयंपाकघराच्या दारात आले आणि थबकले.

"हे काय चालू आहे? आमच्या आधी?"

शांतीबाई भिंतीला धरून घाईघाईने उभ्या राहिल्या. "तुम्ही बसा. मी ताजा भात लावते. लगेच होते."

"आमी तं जेवून आलो वो. सोयऱ्यानं सोडलंच नाही, दुपारीच बसवलं पंगतीले. बुंदी काय, पुरी काय," जीवनलाल म्हणाले. "पन त्याचा काय संबंध? रीत म्हणजे रीत. घरच्या बाईनं असं..."

"एक फोन नाही करता आला?" ओमेश्वरी बसल्या जागेवरून म्हणाली. ती सासऱ्यांशी अशी कधी बोलली नव्हती. "पोरगी सकाळपासून पानी पिऊन आहे."

मागून टिकेश आला. "एवढ्याशा गोष्टीवरून कायले वाढवून राहिली?"

"एवढीशीच गोष्ट आहे. मागच्या वर्षी पोट पडलं तेव्हाही एवढीशीच होती. मी बोलली नाही, माझं चुकलं. आता ऐका. मी घर सोडून नाही जानार. पन पुढच्या महिन्यापासून माझा पगार माझ्या हातात राहीन, घरखर्च मी चालवीन. माझा अन् पोरीचा भात माझ्या ड्यूटीच्या टायमावर शिजन, अन् शिजला की आमी जेवू. तुमी जेवा किंवा नोका जेवू."

टिकेशने खाली पाहिलं. जीवनलालचा चेहरा लाल झाला. ते बायकोकडे वळले. "ऐकून राहिली का तू? सांग हिले काही."

शांतीबाई नवऱ्याकडे पाहत होत्या. बुंदी, पुरी, दुपारीच. त्यांचा स्वतःचा काल उपास होता, म्हणजे कालपासूनच त्यांच्या पोटात अन्न नव्हतं. त्यांनी हात भिंतीकडे नेला, तो भिंतीपर्यंत पोचला नाही आणि त्या जागच्या जागी खाली घसरल्या.

ओमेश्वरी धावली. मनगट धरलं, कपाळावरचा थंड घाम ओढणीने पुसला, पाय उशीवर घेतले. शांतीबाई शुद्धीवर होत्या, पण ओठ थरथरत होते.

"काय झालं हिले? अटॅक आहे का?" जीवनलाल घाबरून ओरडले. टिकेश डॉक्टरांना फोन लावत अंगणात पळाला.

"भूक लागली, मामाजी. दुसरं काही नाही झालं. साखरेचं पानी पायजे. साखर आणा लवकर."

जीवनलाल ओट्याकडे गेले. हे घर त्यांनीच बांधलं होतं, आणि त्या ओट्यापाशी ते पहिल्यांदाच उभे राहिले होते. त्यांनी एक डबा उघडला, त्यात हळद होती. दुसऱ्यात मीठ. तिसऱ्याचं झाकण निघेना, निघालं तेव्हा आत बेसन होतं. त्यांच्या हातून एक डबा खाली पडला आणि मोहरी फरशीभर झाली. "कुठं असते साखर?" ते विचारत होते, आणि त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

भूमिका भाताचे हात घेऊन उठू लागली. साखर कुठे असते हे तिला ठाऊक होतं.

"तू बस," ओमेश्वरी म्हणाली. "तू उठायचं नाही. पोटभर जेव. आजोबा शोधतीन."

भूमिकाने एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग ती पुन्हा ताटावर बसली आणि तिने अजून भात मागितला.