उरलेली तंबाखू

भगवानरावांनी तंबाखूचा डबा अंगणात पालथा घातला आणि दोन पावलं मागे सरले. पिवळट पानं, चुरा, तळाशी चिकटलेला काळपट थर. इतकी वर्षं हेच पळसाच्या पानात वळून आपण छातीत भरत होतो, या विचारानं त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं नाक दाबलं.

बिडी सुटल्यापासून त्यांचं नाक परत आलं होतं, आणि आल्या आल्या त्यानं वैर धरलं होतं. गोधडीला वास, सदऱ्याला वास, स्वतःच्या मिशीला वास. रोहिणखेडच्या लोकांना याचा पत्ता नव्हता. बुलढाण्याच्या डॉक्टरनं छातीचा फोटो दाखवून दम भरला आणि भगवानरावांनी खरंच सोडली, एवढंच गावाला ठाऊक. तेवढ्यावर मंडळाच्या पोरांनी त्यांना शाल-नारळ दिला. ज्यांनी कधी धरलीच नाही त्यांना कुणी चहाही विचारत नाही, आणि सोडणाऱ्याचा सत्कार!

आता प्रश्न उरलेल्या तंबाखूचा होता. ती घरात असेतो आपला नेम नाही, हे ते ओळखून होते. चहा झाला की हात अजून फडताळाकडे जाई. जाळावी, तर धूर नाकात जाणार. शेजारचे नारायणराव ती मागायला येऊन गेले; फुकट जाण्यापेक्षा आमच्या कामी येऊ द्या, म्हणाले. भगवानरावांनी त्यांना गोड बोलून वाटेला लावलं. आपल्या छातीतून निघालेली घाण दुसऱ्याच्या छातीत भरायची, हे त्यांना पटेना. शेवटी रुखमाबाईच गोठ्यातून आल्या आणि त्यांनी सगळं टोपल्यात भरलं. उकिरड्यावर टाकून येते, तुम्ही हात लावू नका, असं त्यांनी नवऱ्याला बजावलं. भगवानराव हात घासून घासून धुऊन शेतात निघून गेले.

संध्याकाळी ते परतले, तेव्हा वास त्यांना फाटकाशीच भेटला. करपट, गोडसर, घशात उतरणारा. किळस यायच्या आधी त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्या पाण्याचीच त्यांना शिसारी आली. ते तिथंच थुंकले आणि तरातरा चुलीपाशी गेले. रुखमाबाई तव्यावर तंबाखू भाजत होत्या. अर्धी काळी झाली होती, अर्धी व्हायची होती.

"हे काय करून राह्यली तू?"

"मिसरी," रुखमाबाई म्हणाल्या. "ओढाची थोडीच हाय? दाताले लावाची हाय. एवढा चांगला माल उकिरड्यावर काऊन टाकाचा?"

मिसरीला गावात कुणी व्यसन म्हणत नाही. सकाळी बाया ओट्यावर बसून ती बोटानं दातांना लावतात, मग गालात धरूनच झाडलोट करतात, नालीत काळं थुंकतात आणि वर नवऱ्याच्या बिडीला पोटभर शिव्या देतात. भगवानरावांच्या आईनं लावली, तिनंच सुनेला शिकवली. जन्मभर डोळ्यांसमोर चाललेलं हे सगळं भगवानरावांनी कधी पाहिलंच नव्हतं. आज त्यांना ते पाहवेना. त्यांनी फडक्यानं तवा उचलला, गोठ्यामागं नेला आणि शेणाच्या ढिगात उलटा केला. वरून फावड्यानं कालवलं. गरम शेणाची आणि तंबाखूची वाफ तोंडावर आली, तसे ते कुडाला धरून कितीतरी वेळ ओकाऱ्या देत राहिले.

घरात आले तेव्हा त्यांचं ताट वाढलेलं होतं. पिठलं, भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा. रुखमाबाईंनी स्वतःच्या ताटलीत भाकर दुधात कुस्करली होती. बायको रागावली, असं वाटून भगवानराव नरमले. ठेच्यावर रुखमाबाईंचा भारी जीव. त्यांनी आपल्या ताटातला ठेचा बायकोकडे सरकवला. रुखमाबाईंनी तो परत लोटला.

"जळजळ होते तोंडात."

"कवापासून?"

"पोळ्यापासून."

भगवानरावांनी हातातली भाकर ताटात ठेवली. "मंग डॉक्टरपाशी काऊन नाही बोलली? माह्या बाजूलेच तं बसेल होती तू."

रुखमाबाईंनी दुधातला घास बोटांनी आणखी बारीक केला.

"त्यानं तुमाले इचारलं. मले कोणी इचारलं नाही."

भगवानरावांनी ताट बाजूला सारलं. खिशातून मोबाईल काढून त्याचा दिवा लावला आणि ते बायकोच्या समोर जाऊन बसले.

"आ कर."

रुखमाबाईंनी आढेवेढे घेतले. पदर तोंडावर धरला, जेवण निवून जाईल म्हणाल्या. दिवा हलेना, तेव्हा त्यांनी पदर खाली घेतला आणि तोंड जेमतेम बोटभर उघडलं. भगवानराव वाकून वाट पाहू लागले.

"अजून उघड."

"आता एवढंच उघडते," रुखमाबाई म्हणाल्या.