आत्मा काढलेला शोकसंदेश

अमेरिकेतल्या अल्फारेटा गावात कुठल्याही आंबेडकरी घरी कार्यक्रम असला की उपासना रामटेके कोपऱ्यातली खुर्ची पकडायची, आणि ती तिथे बसलेली दिसली की बाकीचे जरा ताठ बसायचे. तिथल्या मंडळाच्या ‘संवाद’ या ई-मासिकात तिचं ‘कोपऱ्यातली खुर्ची’ नावाचं सदर होतं. भीमजयंतीला सूत्रसंचालकाने एकच शेर तीनदा म्हटला, पोरांनी लेझमात मध्येच हिपहॉप घुसवलं, वंदनेनंतर बायका मालिकेतल्या त्या नायिकेच्या काळजीत पडल्या जिची स्मृती दर सणाला जाते, असं सगळं त्यात यायचं. नावं ती कधी लिहीत नसे. अल्फारेटाला त्याची गरजही नव्हती. उपासनाने पुष्कळ वाचलं होतं आणि पुष्कळ वाचलेल्या माणसाला वाटतं तसंच तिलाही वाटायचं, की आपण टोमणे मारत नाही, निरीक्षण करतो.

मे महिन्यात तिने निरीक्षण केलं ते मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या शोकसंदेशांचं. ‘बुद्धाने आत्मा नाकारला,’ तिने लिहिलं, ‘बाबासाहेबांनी तो नाकारायला आपल्याला लाखोंच्या साक्षीने सांगितलं. तरी आपल्या ग्रुपवर दर आठवड्याला एका आत्म्यास चिरशांती लाभते. हे आत्मे येतात कुठून? माझा संशय कॉपी-पेस्टवर आहे.’ पुढे तीन फुलं आणि दोन जोडलेले हात या इमोजींच्या प्रमाणाचाही अभ्यास होता. लेख गाजला. ज्या वसुधा काकूंवरून तो लिहिला होता त्यांनीही ‘सुंदर लेख’ असं लिहून खाली तीन फुलं टाकली.

नागपूरहून अप्पांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, शनिवारी सकाळी फोन यायचा. तिकडे तेव्हा संध्याकाळ असायची, आणि तोवर त्यांनी सदर आईला मोठ्याने वाचून दाखवलेलं असायचं. बत्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. कौतुक करतानाही लाल पेन हातात असल्यासारखा बोलायचा. हा लेख वाचून ते ठसका लागेपर्यंत हसले. मग म्हणाले, “सारं बरोबर आहे बेटा. फक्त, कोणी गेलं तर मग म्हणायचं काय, तेही पुढच्या अंकात लिहून टाक. लोक वाट पाहत असतील.”

पुढच्या अंकात तिने पिकनिकवर लिहिलं.

सप्टेंबरात अप्पा गेले. उपासना मिळेल त्या विमानाने नागपूरला पोचली. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं येऊन बसत, ‘लय चांगला माणूस होता’ म्हणत, पाणी पीत, उठत. दुसरे येत, तेच म्हणत. पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी भंतेजी त्रिशरण द्यायला लागले आणि नेमकी तेव्हाच माइकने शीळ घातली. उपासनाच्या डोक्यात लगेच एक झकास वाक्य तयार झालं. ते कुणाला ऐकवायचं होतं ते लक्षात आल्यावर ती खाली बघत बसली.

अल्फारेटाला परतल्यावर तिने ग्रुप उघडला. तिच्या नवऱ्याने, कुशलने, बातमी टाकली होती. त्याखाली ओळीने एकच मजकूर होता: हा मेसेज डिलीट केला गेला. हा मेसेज डिलीट केला गेला. अंगठ्याने सरकवत गेलं तरी तेच. शेवटी कुणीतरी विचारलं होतं, की रविवारी पार्कमध्ये कोल्ड्रिंकचा कूलर कोण आणतंय.

“काय लिहिलं होतं रे सगळ्यांनी?”

“मी पाहिलंच नाही यार,” कुशल म्हणाला. “तुझ्या तिकिटाच्या मागे होतो. पाहिलं तेव्हा साफ झालेलं होतं.”

आपलं काय चुकलं, याचा विचार करायची तिला सवय नव्हती; ते काम ती इतरांसाठी करत आली होती. लोक तुटक असतात, परदेशात जास्तच तुटक होतात, असा एक निष्कर्ष तिने काढला. तरी दर थोड्या वेळाने फोन उघडून बघत राहिली. वसुधा काकूंच्या नावाखाली ‘टायपिंग’ अशी अक्षरं उमटायची, थांबायची, पुन्हा उमटायची आणि विरून जायची. मेसेज यायचा नाही. इंडियन स्टोअरमध्ये मंडळाचे अध्यक्ष राजाराम काका भेटले. फ्रोझन मेथीच्या फ्रीजपाशी त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला, तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, “येताना ट्रॅफिक फार लागला का गं?”

गुरुवारी धम्मदीपचा फोन आला. तो ‘संवाद’चा संपादक, दिवसा सॉफ्टवेअर तपासायचा आणि संध्याकाळी त्याचा मजकूर उपासना तपासायची.

“ताई, जय भीम. अप्पांसाठी अर्धं पान ठेवलंय. मजकूर मेल केलाय. तुम्ही जरा नजर टाकता का?”

“माझ्याच वडिलांचा शोकसंदेश मी तपासू?”

“म्हणजे... नेहमी तुम्हीच तपासता न. नंतर तुमच्या सदरात येण्यापेक्षा आधीच... सॉरी ताई.”

“लिहिला कोणी?”

“कमिटीने. दोन मीटिंगा झाल्या. आत्मा पहिल्या पाच मिनिटांत काढला. मग ईश्वर काढला, स्वर्गवासी काढलं. ‘निर्वाण’वर जरा वाद झाला, पण राजाराम काका म्हणाले, निर्वाण इतकं सोपं असतं तर आपण सगळे कशाला राबतोय? मग ‘श्रद्धांजली’तली श्रद्धा खटकली. ‘भावपूर्ण’ कॉपी-पेस्ट वाटेल म्हणून गेलं.”

“मग राहिलं काय?”

“नाव, गाव आणि तारीख,” धम्मदीप प्रामाणिकपणे म्हणाला. “तारीख मी दोनदा चेक केली.”

“आणि ग्रुपवर ते सगळं डिलीट?”

“वसुधा काकूंनी पहिला मेसेज टाकला होता. त्यावरून बाकीच्यांनी. मग कोणीतरी तुमच्या लेखाची लिंक टाकली. सगळ्यांनी धडाधड उडवले, लिंकसुद्धा उडवली. फोन करावा तर बोलताना चुकायची भीती. ताई, तुम्ही रागावल्या नाही न?”

ती रागावली नव्हती. तिने मेल उघडला. ‘कालकथित यशवंत रामटेके, नागपूर, हे अनित्यतेच्या नियमानुसार कालवश झाले. मंडळ याची नोंद घेत आहे.’ तिने तीनदा वाचलं. सात वर्षांत धम्मदीपकडून आलेला हा पहिला मजकूर, ज्यात चूक नव्हती. ती असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. नळाला पाणी येणार नसल्याच्या सूचनेतही याहून जास्त माया असते. आणि असा स्वच्छ, विवेकी, एकही खोटा शब्द नसलेला मजकूर सगळ्या अल्फारेटाला लिहायला शिकवणारी विदुषी कोण, हेही तिला माहीत होतं. आता विदुषीला हवं होतं इतकंच, की कुणीतरी येऊन तिला काहीतरी म्हणावं. फुलांसकट चाललं असतं.

शनिवारी सकाळी फोन वाजण्याची वेळ टळून गेली तेव्हा तिने स्वतःच फोन उचलला आणि वसुधा काकूंना लावला.

“काकू, तुम्ही ग्रुपवर काय टाकलं होतं?”

“काही नाही गं बाई. चुकलंच ते. आत्मा तसाच राहिला होता त्यात.”

“पुन्हा टाका.”

“तू हसशील.”

“हसेन बहुतेक.”

“मला न, वेळेवर काही सुचत नाही उपासना. कोणी गेलं म्हटलं की छातीत गोळाच येतो. म्हणून एक चांगला मेसेज जपून ठेवलाय. तुझे अप्पा आले होते न दोन उन्हाळ्यांआधी, रोज ट्रॅकवर भेटायचे. ती स्मृती जाणाऱ्या पोरीची मालिका मला इथे दिसायची नाही, तर चालता चालता सगळी स्टोरी सांगायचे. त्यांच्यासाठी तरी दोन शब्द स्वतःचे लिहावे म्हणून इतके दिवस बसते फोन घेऊन. होतच नाही.”

अप्पा ट्रॅकवरून तासभर उशिरा यायचे आणि अमेरिकन पार्क फार मोठे आहेत म्हणायचे.

“तो जपून ठेवलेलाच टाका काकू,” ती म्हणाली. “ग्रुपवर टाका.”

काकूंनी टाकला. उपासना वाचत होती तोवर खाली दुसरा उमटला, मग तिसरा. अल्फारेटा जणू दाराशी चपला घालूनच उभं होतं. राजाराम काका, कमिटीतले ‘निर्वाण’वाले दोघे, ज्यांची लेझीम तिने सोलून काढली होती ते, सगळे. प्रत्येकाने काकूंचा मेसेज जसाच्या तसा उचलला होता, फुलांसकट. आणि तिसऱ्यांदा वाचताना त्यात काय चुकलंय ते निरीक्षकबाईंच्या लक्षात आलं.

तेवढ्यात धम्मदीपचा फोन. आवाज घाबराघुबरा. “ताई, घोळ झालाय. काकूंचा तो मेसेज कोणाच्या तरी आईच्या वेळचा आहे. सगळ्यांनी तोच... डिलीट करायला सांगू का?”

“खबरदार एकाने जरी डिलीट केला तर,” उपासना म्हणाली. “आणि अर्ध्या पानातही हाच छाप.”

“आत्म्यासकट?”

“सगळ्यासकट.”

मग तिने नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. आई एकटीच अप्पांच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसली होती. अप्पा गेल्यापासून ती ‘जेवली’ आणि ‘झोपली’ याखेरीज फारसं बोलत नव्हती.

“आई, इथल्या लोकांनी मेसेज पाठवलेत. वाचू?”

“वाच. ते वाचायचे न नेहमी, या वेळेला.”

उपासनाने चष्मा पुसला. “‘आपल्या पूज्य मातोश्रींच्या दुःखद निधनाची बातमी ऐकून मन सुन्न झाले. मातोश्रींच्या आत्म्यास चिरशांती लाभो...’”

आईने कपाळाला आठ्या घातल्या. “कोणाच्या मातोश्री?”

“माझ्या.”

“मी कधी गेली गं?”

“अख्ख्या अल्फारेटाला कळलंय. अध्यक्षांचं मन सुन्न झालंय.”

आईचे खांदे हलायला लागले. उपासनाला आधी भीती वाटली, पण आई हसत होती. पदर तोंडाशी धरून, आवाज न करता, आणि मग आवाज करून. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही, आणि थांबलंही नाही. इकडे उपासनाचंही तेच झालं होतं. स्वयंपाकघरातून कुशल काय झालं म्हणून डोकावला आणि हळूच मागे सरकला.

“त्यांना ठसका लागला असता बाप्पा,” आई कशीबशी म्हणाली. तिने बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला. “पुन्हा वाच. पहिल्यापासून.”

उपासनाने घसा साफ केला आणि वाचायला घेतलं. सावकाश, अप्पा वाचायचे तसं, एकही शब्द न गाळता.