एक माप मोठा

मी एक जुना माउथगार्ड आहे, मित्रांनो; निळ्या रंगाचा, घोड्याच्या नालेसारखा वाकलेला. हॉकी खेळणारी मुलं मला वरच्या दातांवर चढवतात. चेंडू किंवा स्टिक तोंडावर आलीच, तर मार दातांच्या आधी मी सोसावा, एवढ्या एका कामासाठी मला बनवलं. ते काम माझ्या हातून झालं नाही. का झालं नाही, ते सांगतो.

कारखान्यात मऊ प्लॅस्टिक वितळवून मला साच्यात घातलं. माझ्यात एक गुण मुद्दाम ठेवलेला होता. उकळत्या पाण्यातून काढलं की मी थोडा वेळ मऊ राहतो, आणि तेवढ्यात जो मला घट्ट चावेल त्याच्या दातांचा आकार धरतो. थंड झाल्यावर तो आकार मी सोडत नाही.

मी रायपूरला आलो तेव्हा शहर छत्तीसगडची राजधानी होऊन चार-पाच वर्षं झाली होती. तेलीबांध्याकडे नव्या इमारती उठत होत्या, पण मुलींचा हॉकीचा सराव खडबडीत मातीवरच चाले. तिथे चेंडू कधी उसळेल याचा नेम नसे. म्हणून प्रशिक्षक हिरालाल सरांनी बजावलं, "जिसके पास माउथगार्ड नहीं, वो ट्रायल में नहीं."

चौदा वर्षांची कौमुदी बचावफळीत खेळायची. तिचे वडील देवीदास रेल्वेत होते, मूळचे भंडाऱ्याकडचे. ते तिला घेऊन सदर बाजारातल्या एका दुकानात आले. दुकानदारानं दोन मापं समोर ठेवली.

"भैया, बच्ची को छोटा वाला बैठेगा. ये तो बड़ों का है."

"मोठाच द्या," देवीदास म्हणाले. "पोट्टी वाढून राहिली. तीन सीझन तरी निघाले पाहिजेत."

"बाबा, जूते थोड़ी हैं," कौमुदी हळूच म्हणाली.

"तुले काय समजते? शाळेचा ड्रेस मोठाच घेतला होता ना? आता बसला का नाही?"

असा मी त्यांच्या घरी आलो. कौमुदीच्या आईनं, वनमालाबाईंनी, पातेल्यात पाणी उकळलं. पाकिटावर स्पष्ट लिहिलं होतं की मऊ झाल्यावर घट्ट चावा आणि गाल बाहेरून दाबा. पण देवीदास शेजारी उभे होते. "लय जोरानं नको चावू," ते म्हणाले. "थोडी जागा राहू दे. दात वाढतीन."

मित्रांनो, पुढचे दात त्या वयात जेवढे असतात तेवढेच राहतात. पण हे त्यांना सांगायला मला वाचा नव्हती. कौमुदी अलगद चावली, आणि मी ढिलाच थंड झालो.

पहिल्याच सरावात सगळं उघड झालं. माझी टोकं तिच्या शेवटच्या दाढेच्याही मागे जाऊन हिरडीला टोचत. तिला उमासा येई. तोंड उघडलं की मी खाली पडे, म्हणून ती जबडा आवळून मला धरून ठेवी. आणि आवळलेल्या जबड्यातून हाक निघत नाही. बचावातल्या मुलीनं तर सतत ओरडायला हवं, चेंडू कोण घेणार हे सांगायला हवं. गोलमधून माया चिडून म्हणायची, "मुँह में दही जमा है क्या? आवाज़ दे ना!"

कौमुदीनं घरी काही सांगितलं नाही. बाबांना वाईट वाटेल, असं तिला वाटलं असावं. तिनं एक सोपी वाट काढली. सर तपासत तेव्हा ती मला दाखवून हसायची. शिटी वाजली की मला काढून मोज्यात खोचायची. मग तिचा आवाज मैदानभर घुमायचा.

ट्रायलच्या दिवशीही मी मोज्यातच होतो. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला, त्यांच्यातल्या एकीनं फटका मारला, आणि कौमुदी अडवायला धावली. चेंडू कोणाच्या तरी स्टिकच्या कडेला लागून वर उसळला. मला फक्त आवाज ऐकू आला. तिचा वरचा पुढचा दात अर्धा तुटला होता आणि ओठ फाटला होता.

"बस झालं आता," वनमालाबाई घरी म्हणाल्या. "उद्यापासून हॉकी बंद." सुजलेल्या ओठानं कौमुदी एवढंच म्हणाली, "मम्मी, प्लीज़." मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे भिजवताना मी देवीदासांच्या हाती लागलो. मोज्यात मी कसा, हे त्यांना आधी कळेना. त्यांनी मला धुतलं, बराच वेळ उलटसुलट पाहिलं. मग आरशासमोर उभे राहून त्यांनी मला स्वतःच्या दातांवर चढवलं. माझी टोकं त्यांच्या शेवटच्या दाढेपाशी बरोबर थांबली.

ते मला तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात गेले. "वनमाला, हा मले बसते," ते म्हणाले. "पोट्टीले कसा बसन? चूक माही आहे. तिची हॉकी काहून बंद करतेस?"

 त्याच आठवड्यात वनमालाबाई मुलीला घेऊन दातांच्या डॉक्टर अपर्णांकडे गेल्या. तुटलेला दात भरून झाला. ओठ बरा झाल्यावर डॉक्टरांनी दातांचा ठसा घेऊन त्यावर नवा माउथगार्ड बनवला. तो घातल्यावर त्यांनी कौमुदीला तोंड उघडायला लावलं. तो पडला नाही. खोल श्वास घ्यायला लावला. तो अडला नाही. मीही तिथेच होतो, चुकीचा नमुना म्हणून देवीदासांनी सोबत दिलेला.

"आता ओरडून दाखव," वनमालाबाई म्हणाल्या.

"यहाँ?"

"हव, इथंच."

"मेरी बॉल!" कौमुदी ओरडली. बाहेर बसलेले पेशंट दचकले. वनमालाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "जाय मग," त्या म्हणाल्या. "पण हा मोज्यात दिसला तर पाहजो."

त्या वर्षीची निवड हुकली. पुढच्या वर्षी ती पुन्हा ट्रायलला उभी राहिली.

देवीदासांनी मला हिरालाल सरांना देऊन टाकलं; आता मी त्यांच्या पिशवीत असतो. नवी मुलं आली की सर मला हातोहात फिरवतात. मुलं हसतात, मग सर दाताची हकिकत सांगतात आणि ती आपापला माउथगार्ड घालून पाहतात. मित्रांनो, तुमच्या रक्षणासाठी आणलेली वस्तू आज तुमच्या मापाची हवी, तीन वर्षांनंतरच्या नव्हे. ती टोचत असेल, ढिली होत असेल, तर लपवू नका. त्याच दिवशी घरी सांगा. मोठी माणसं रागावतील, थोडं ऐकून घ्या, आणि पुन्हा सांगा.