गोदामातले पुतळे

"आज काय केलंस?" असं तिनं रोज विचारायचं आणि बूट काढता काढता त्यानं "डिफेन्स" एवढंच म्हणायचं, असं दोन महिने चाललं होतं.

तिचा नवरा फुटबॉल खेळायचा, पोटासाठी. ज्यांची पोस्टरं लागतात त्यांतला तो नव्हे. कुणाचा पाय मोडला, कुणी सोडून गेलं की ज्यांना बोलावतात, त्यांतला. हा सहावा क्लब. सासूबाई फोनवर म्हणायच्या, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर! बरं, विंचवाला निदान लोक घाबरतात तरी."

नवा कोच आला आणि याचं नाव संघातून गेलं. करार सीझनभराचा, त्यामुळे उरलेला पगार दिल्याशिवाय हाकलता येईना. पण तो आपणहून चिडून निघून गेला, तर करार त्यानंच मोडला असं ठरणार आणि क्लबनं दिलेलं घरही जाणार. "म्हणून तोंडाला कुलूप," तो म्हणायचा. तिला वाटायचं, बसवतात बाकावर, बसू दे. बरगड्यांवरच्या काळ्यानिळ्या डागांना ती मलम चोळायची, तेव्हा तो म्हणायचा, सरावात लागतं गं. आणि दूध नासलंय का म्हणून दोनदा हुंगणाऱ्या या बाईनं त्यावर विश्वास ठेवला!

त्या सकाळी बबडीला, त्यांच्या नऊ महिन्यांच्या लेकीला, लस टोचून झाली. दवाखाना मैदानामागेच. ताप चढतोय की काय या धास्तीनं ती सारखी लेकीच्या कपाळाला हात लावत होती. एकटीनं घरी जाण्यापेक्षा त्याच्याबरोबरच जावं, म्हणून ती मैदानाच्या जाळीपाशी येऊन थांबली.

आत फ्री किकचा सराव चालला होता. नवा, महागडा पोरगा चेंडू मांडून उभा. समोर चौघं खांद्याला खांदा लावून भिंतीसारखे उभे; चौघंही क्लबला नकोसे झालेले. त्यांतला एक तिचा. किक बसली आणि चेंडू थेट त्याच्या बरगडीवर आदळला. तो वाकलासुद्धा नाही.

"कुणी उडी मारायची नाही!" कोच ओरडला. "पुतळा उडी मारतो का रे?"

संघातली पोरं खिदळली.

जाळीलगत गवताला पाणी घालणारे काका पाइप गुंडाळत होते. तिनं विचारलं, "काका, हे काय चाललंय?"

"रोजचंच आहे, पोरी." त्यांनी नजर चुकवली. "यासाठी प्लास्टिकचे पुतळे असतात खरं तर."

"मग कुठं गेले ते?"

"कुठं जातात? गोदामात आहेत, नवे कोरे. काढायचे नाहीत असं सांगितलंय मला."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे प्लास्टिकला ओरखडा चालत नाही आणि माझ्या नवऱ्याच्या बरगड्या काय फुकटात आल्यात? नाक फुटलेलं असताना याच क्लबसाठी शेवटपर्यंत खेळला होता हा माणूस!

'निघ तिथून!' अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात कोच त्या चौघांना मैदानाचं फाटक दाखवत गालातल्या गालात हसला. तिनं शब्द गिळले. त्यानं आपणहून निघून जावं, त्यांना हेच तर हवं होतं.

तेव्हाच त्याला ती दिसली. कडेवर बबडी. त्याचा चेहरा पडला.

पुढचा चेंडू डोक्यावरून निघाला. त्यानं उडी मारली आणि डोक्यानं तो पार मैदानाबाहेर घालवला.

"बहिरा आहेस का?"

"उडी नको असेल तर पुतळे आणा," तो हळूच म्हणाला.

पुढच्या चेंडूला चौघांनीही उड्या मारल्या.

"चालता हो! घरी जा!" कोच किंचाळला.

तिचा नवरा जागचा हलला नाही. जाळीला नाक लावून तीच ओरडली, "लेखी द्या! तुम्ही हाकलताय असं लिहून द्या, आत्ता नेते मी त्याला!"

बबडीनं भोकाड पसरलं. पोरांचं हसू कुठल्या कुठं गेलं. लिहून देणं म्हणजे करार क्लबनंच मोडणं, हे कोचला कळत होतं. त्यानं तिच्याकडं पाहिलं, गवताकडं पाहिलं.

"काका, काढा ते पुतळे," तो गुरगुरला.

सराव संपल्यावर नवरा जाळीपाशी आला. "ताप आहे का गं हिला?"

"हिला नाही. मला आलाय. आज काय केलंस?"

"डिफेन्स," तो ओशाळून म्हणाला.

तिला हसू आलं नाही. "शर्ट वर कर," ती म्हणाली. "इथंच. सगळ्यांना दिसू दे."