नपुंसकलिंगी, एकवचनी

“आला काय आणि आलं काय, तोंड तेवढंच उघडतं,” दिग्दर्शक म्हणाला आणि त्यानं कागद टेबलावर फेकले. “ओठांना जुळतंय ना? मग कशाला जीव खाताय?”

ज्याला हे ऐकवलं, त्याला स्टुडिओत सगळे कानामात्रा म्हणत. परदेशी मालिका मराठीत बोलवायच्या, तर त्यांचे लिहून आलेले संवाद तपासणीसाठी आधी याच्या पेनाखालून जात. सव्वीस वर्षं तो हेच करत होता, आणि सव्वीस वर्षांत त्याला कुणी पाठ असलेली खुर्ची दिली नव्हती.

या वेळचा भाग एका यंत्रमानवाचा होता. म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं घरीच बनवलेला, पोटच्या मुलांबरोबर वावरलेला. म्हातारा मरतो, मुलं घरातल्या वस्तूंची यादी करायला बसतात, आणि यादीत कपाटाच्या खालोखाल यंत्रमानव. मूळ भाषेत सगळं घर त्याला वस्तू धरून बोलतं. शेवटी एकटी धाकटी मुलगी त्याला माणूस धरून बोलते, तेही एकदाच. सगळा भाग त्या एका शब्दावर उभा होता.

संवादलेखकाला हे दिसलं नव्हतं. त्याला स्वतःच्या गॉगलपलीकडचं काहीच दिसत नसे. पहिल्या पानापासून ‘तो आला, तो बसला’ लिहून तो मोकळा झाला होता. शेवटी काहीतरी कमी पडतंय असं वाटल्यावर त्यानं मुलीच्या तोंडी ‘तू यंत्र नाहीस, माझ्या काळजाचा तुकडा आहेस’ घातलं, आणि पुढे कंसात ‘हुंदका’.

कानामात्रानं हुंदका खोडला. चाळीस पानं ‘ते आलं, ते बसलं, ते तिकडे सरकवा’ केली. मुलीला एकच वाक्य ठेवलं : तो अजून आला नाही, दार लावू नका.

“लोक मालिका बघायला बसतात, व्याकरण शिकायला नाही,” दिग्दर्शक म्हणाला.

“कुणाला तो म्हणायचं आणि कुणाला ते, हे लोकांना शिकवावं लागत नाही,” कानामात्रा म्हणाला. “दिवसभर तेच करतात.”

दिग्दर्शकाला जेवायला जायचं होतं. निव्वळ त्यामुळे बदल पास झाला. संवादलेखकानं जाता जाता सांगून ठेवलं, की लोकांना कळलं नाही तर माझ्या नावानं ओरडू नका. पडद्यावर नाव मात्र त्याचंच येणार होतं.

कानामात्राला ही अक्कल पुस्तकातून आली नव्हती. लग्न केलं नाही, म्हणून तो धाकट्या भावाच्या घरी राहत होता. घर दोन खोल्यांचं. भावजय तोंडावर ‘भाऊजी’ म्हणे, आणि आतल्या खोलीत फोन कानाला लावला की ‘ध्यान’. “ध्यान आलंय आत्ताच. हो, बसलंय ते. छे गं, त्याला काय विचारायचं?” भिंत पातळ होती. तिनं ‘ते आले’ म्हटलं असतं तर मान राहिला असता, ‘तो आला’ म्हटलं असतं तर निदान माणूस राहिला असता. एका टिंबात ती दोन्ही उडवून लावत होती. भाऊ अकरा वर्षं हे ऐकत होता, वर्तमानपत्राच्या आडून. त्याचं एकदाही पान अडकलं नाही.

कानामात्राला नाव नको होतं. या घरात ते एक वाक्य ऐकलं जावं आणि ऐकणाऱ्यांनी क्षणभर गप्प व्हावं, इतकंच त्याला हवं होतं. मागणी मोठी नव्हती. माणसं लहान होती.

रविवारी दुपारी चार वाजता भाग लागला. भावजयीची बहीण आणि तिचा नवरा आले होते. भावाचा हा साडू जिथे बसे तिथे पसरत असे. त्याचे पाय स्टुलावर होते, त्यामुळे कानामात्रा पलंगाच्या कडेला टेकला होता. पडद्यावर मुलं सामान मोजत होती. ‘ते बंद करून ठेवा. ते फार बोलतं.’ साडू खो खो हसला. कुणाला काही खटकलं नाही. खटकणार कसं, ही तर घरचीच बोली.

मग म्हाताऱ्याच्या घराला कुलूप घालायची वेळ आली. धाकटी मुलगी उंबऱ्यात उभी राहिली.

‘तो अजून आला नाही. दार लावू नका.’

खोली खरंच गप्प झाली. कानामात्रा पलंगाच्या कडेवर पुढे सरकला.

“तो कोण?” साडू म्हणाला. “अजून कोण यायचं राहिलंय?”

“मोठीचा नवरा असेल,” त्याची बायको म्हणाली.

“तो मघाशीच आला की. टकल्या.”

“भाऊजींना विचारा ना,” भावजय म्हणाली. “त्यांचंच काम आहे हे.”

सगळ्यांनी वळून पाहिलं.

“मघापासून ज्याला ते म्हणत होते ना,” तो म्हणाला, “तो.”

“मग आधीपासून तो म्हणायला काय झालं होतं?” साडू म्हणाला. “उगाच माणसाला घोळात घालायचं. लिहितं कोण हो हे असलं?”

भावजय हसली आणि चहा कोणकोण घेणार ते मोजू लागली.

समजलं होतं ते एकट्या भावाला. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं बायकोकडे पाहिलं नाही, थोरल्याकडे तर नाहीच. त्यानं रिमोट उचलला, “कंटाळा आणलाय नुसता,” असं काहीतरी पुटपुटला आणि चॅनल बदललं.

तिथे एक बाई नकाशासमोर उभी राहून हवामान सांगत होती. तापमान वाढला आहे, असं ती म्हणाली. उद्या तो आणखी वाढेल, असंही म्हणाली.

कानामात्रानं ऐकलं. ‘वाढलं’ त्याच्या जिभेवर आलं होतं. पण त्यानं ती चूक दुरुस्त केली नाही.